पाणी कुठे मुरतंय

चष्म्याच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड होती, आणि एक आठवडा सोडून एक आठवडा त्या शेडमध्ये सायीच्या रंगाची एक जुनी गाडी उभी असायची. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी चष्मेवाला सहज मागे डोकावला, तर गाडीच्या तोंडाखाली जमीन ओली. आधी त्याला वाटलं, मांजर. मग वाकून त्याने बोट लावलं, नाकाशी नेलं. मांजर नव्हतं. गंजाचा वास होता. त्याने गुडघे टेकून खाली पाहिलं. रेडिएटरच्या तळाशी जिथे जाड रबरी नळी बसवलेली असते, तिथे एक थेंब लोंबकळत होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो पडला आणि दुसरा तयार झाला.

चष्मेवाला तसाच उकिडवा बसून राहिला. गळतीपेक्षा त्याच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. काल सकाळपर्यंत गाडी साडूकडे होती. म्हणजे साडूच्या अंगणातही अशीच ओल पडली असणार. आणि काल किल्ली हातात देताना साडू हसून काय म्हणाला होता? "एकदम मस्त चालतेय हं साडूभाऊ." कोणी विचारलं होतं का त्याला? न विचारता माणूस कशाला सांगेल की मस्त चालतेय?

गाडी मूळची सासऱ्यांची. सासऱ्यांनी ती जीव लावून वापरली होती. दर रविवारी सकाळी बादली घेऊन स्वतः धुवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुलगा नव्हता, दोन मुली. जाताना त्यांनी दोन्ही जावयांना पलंगाशी बोलावून सांगितलं, "गाडी दोघांची. एक आठवडा याने वापरायची, एक आठवडा त्याने. आणि बुधवारी हिला दवाखान्यात न्यायचं. गाडीला धक्का लागू देऊ नका." ही म्हणजे सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांना दर बुधवारी टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायाम द्यायचे. ज्याचा आठवडा त्याने न्यायचं. तेव्हापासून दर रविवारी सासूबाईंच्या दारात किल्लीची देवाणघेवाण व्हायची.

थोरली मुलगी चष्मेवाल्याकडे आणि धाकटी बेकरीवाल्याकडे. साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. आणि सासरच्या ओट्यावर दोघं शेजारी बसले की सगळं जग दोघांना एकाच तराजूत घालून बघतं. बेकरीवाला मोकळाढाकळा, मोठ्याने हसणारा. चष्मेवाल्याला मोठ्याने हसणाऱ्या माणसांचा मुळातच विश्वास वाटत नसे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायची सवय. माणूस तोंडाने काहीही बोलो, बाहुली खरं सांगते, असं त्याचं मत होतं.

"गाडी गॅरेजात टाका ना," बायको म्हणाली.

"कुठल्या गॅरेजात? या भागातल्या प्रत्येक गॅरेजात सकाळचा पाव कोणाच्या बेकरीतून जातो?"

"मग?"

"मग काय! मी गाडी तिथे लावायची आणि दुपारी साडूच्या कानावर बातमी, की गाडी बिघडली ती चष्मेवाल्याच्या हातात. सगळीकडे तेच होणार. थोरल्या जावयाला सांभाळता आली नाही."

"तुम्हाला येते का पण दुरुस्त करता?"

"एक क्लिप तर आवळायची आहे," चष्मेवाला म्हणाला.

एक क्लिप तर आवळायची होती, हे खरंच. नळीभोवती लोखंडी पट्टा, पट्ट्याला एक स्क्रू. स्क्रू पिळला की पट्टा आवळला जातो, गळती बंद. पण तो स्क्रू होता पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोळकांडीत, तोंड खाली करून. चष्मेवाल्याकडे हत्यारांची कमतरता नव्हती, पण ती सगळी चष्म्याची. त्याचे स्क्रू ड्रायव्हर गव्हाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंसाठी बनवलेले. सगळ्यांत मोठा लावला तर त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत असं हललं, जसं म्हाताऱ्याच्या तोंडात लहान मुलाचा दात. घरात एक पक्कड होती, तिचा एक जबडा ढिला. आणि एक पाना, मागेपुढे करता येणारा, कपाट घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर फुकट आलेला. त्याचं डोकं इतकं जाड की बोळकांडीत शिरेचना. वरून हात घातला तर दिसत नव्हतं, खालून पाहिलं तर हात पोचत नव्हता.

दुपारी दुकान बंद करून तो शेडमध्ये जायचा. गिऱ्हाइकांना फ्रेम लावून बघायचा हातातला आरसा त्याने गाडीखाली टेकवून ठेवला. आरशात स्क्रू दिसायचा, पण उलटा. डावीकडे पिळायचं तर हात उजवीकडे जायचा. स्क्रू आवळला जातोय की सैल होतोय हेच कळेना. थेंब पूर्वीपेक्षा जलद पडू लागले तेव्हा कळलं, सैल होतोय. त्याने स्वयंपाकघरातली सुरी आणली, तिचं टोक खाचेत बसवलं आणि जोर लावला. टोक तुटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेलं. बोटांची सालं निघाली.

"अहो, या सुरीचं टोक कुठे गेलं?"

"झिजलं असेल."

"एका दिवसात?"

बायको फोन घेऊन आत गेली. दारावरून जाताना त्याने ऐकलं, ती बहिणीशी बोलत होती. त्याचं पाऊल वाजलं तसं बोलणं थांबलं, आणि मग ती उगाचच मोठ्याने म्हणाली, "हो का? पडदे धुतले का?" संशयाची पाल तिथेच चुकचुकली. या दोघी बहिणी पडद्यांवर कधी एवढा वेळ बोलल्या होत्या?

दुकानातही लक्ष लागेना. एक बाई नवा चष्मा घालून म्हणाल्या, "सगळं छान दिसतंय, पण एका कोपऱ्यात काळं काहीतरी आहे हो." तो त्याच्या बोटाचा ठसा होता. ग्रीस साबणाने जात नव्हतं, घासलेटाने जात नव्हतं.

शेवटी शनिवारी त्याने आपल्या धंद्यातला रामबाण उपाय काढला. तुटलेली फ्रेम जोडायचा डिंक. दोन नळ्यांतला, एकत्र केला की दगड. त्याने नळीच्या तोंडाभोवती, क्लिपवर, स्क्रूवर, सगळीकडे तो फासला. रविवारी सकाळी जमीन कोरडी होती. सासूबाईंच्या दारात त्याने साडूच्या हातात किल्ली दिली.

"ठीक आहे ना गाडी?" साडूने विचारलं. "गरम-बिरम होत नाही ना?"

चष्मेवाल्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. साडूने नजर दुसरीकडे वळवली.

"एकदम मस्त चालतेय," चष्मेवाला म्हणाला.

घरी चालत येताना मात्र त्याला वाटलं, गरम होण्याबद्दल साडूने का विचारलं असेल? गाडी बिघडते तर शंभर प्रकारे बिघडते. नेमकं गरम होण्याबद्दलच का?

पुढच्या रविवारी गाडी परत आली आणि चष्मेवाल्याने सोमवारची वाटही पाहिली नाही. दुपारीच बॉनेट उघडलं. त्याने लावलेला डिंक अर्धा खरवडून काढलेला होता. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते, आणि क्लिपच्या शेजारी तारेचे वेढे, पावाच्या पिशव्यांची तोंडं बांधतात तसल्या तारेचे. कोणीतरी इथे हात घातला होता. जमीन पुन्हा ओली होऊ लागली होती.

त्याने रेडिएटरचं झाकण उघडून बॅटरीचा उजेड आत मारला. पाण्यात काहीतरी पांढरं तरंगत होतं. धागे, चिंध्या, पापुद्रे. त्याने चिमट्याने एक तुकडा काढला. बोटांत दाबला तर लिबलिबीत. वास उग्र, ओळखीचा, पण नाव आठवेना. चष्म्याचं भिंग डोळ्याला लावून त्याने तो उजेडात धरून पाहिला. रबर नाही, कापड नाही, कागद नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नुसतं गाडीतलं नव्हतं.

संध्याकाळी तो बेकरीत गेला. पाव हवा होता असं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं होतं. भट्टीची धग बाहेरपर्यंत येत होती. साडू फळीमागे उभा होता. त्याला बघून दचकला, निदान चष्मेवाल्याला तसं वाटलं.

"अरे वा, साडूभाऊ! आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"पाव न्यायला आलो."

"मी पाठवला असता की घरी."

"म्हटलं, जरा पाय मोकळे करावे."

साडूने डाव्या हाताने पाव उचलले. उजवा हात फळीखाली. चष्मेवाल्याने मान जरा तिरकी केली. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"हे? काही नाही. भट्टीला लागला."

भाजलेलं कसं दिसतं हे चष्मेवाल्याला माहीत होतं. पट्टीच्या कडेला फोड नव्हता, सालटं निघालेलं होतं, पेरांच्या नेमक्या उंचवट्यावर. आणि नखांच्या कडांना जे काळं होतं ते पिठाचं किंवा राखेचं नव्हतं. तो ते ओळखू शकत होता, कारण तसंच काळं त्याच्या स्वतःच्या नखांत होतं. म्हणूनच त्याने स्वतःचा हात खिशातून काढला नाही.

"तुमच्या हाताला काही झालंय का?" साडूने विचारलं. "खिशातच आहे मघापासून."

"गारठा आहे जरा."

भट्टीसमोर उभा राहून हे बोलला तो. कपाळावरून घाम गळत होता. मग साडू म्हणाला, "एक विचारायचं होतं. ही गाडी... जुनी झाली आता. कधी काढून टाकायचा विचार आला तर मला सांगा."

झालं. चष्मेवाल्याच्या डोक्यात सगळ्या काचा फ्रेममध्ये बसल्या. घरी पोचायच्या आत त्याने अख्खी गोष्ट रचली होती. साडूला गाडी नको आहे. पण सासऱ्यांचा शब्द आहे, तोंडाने नको म्हणता येत नाही. म्हणून तो ती हळूहळू मारतोय. क्लिप सैल करतोय, पाण्यात काहीतरी विष घालतोय. आणि ती मरणार कोणाच्या आठवड्यात? थोरल्या जावयाच्या.

"विष?" बायको म्हणाली. "गाडीला?"

"पांढरं आहे काहीतरी. धाग्याधाग्याचं."

"तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसून बोलत का नाही?"

"तुझ्या बहिणीने काही सांगितलंय का तुला?"

"पडदे धुतले म्हणाली," बायको म्हणाली आणि उठून गेली.

तो मंगळवारी पुन्हा गाडीखाली शिरला. साडूची तार काढली तर पाणी धारेने येऊ लागलं, म्हणून तीच तार पुन्हा गुंडाळली आणि वरून आणखी डिंक फासला. पक्कड निसटून कपाळाला लागली. आडवा पडल्या पडल्या त्याने साडूला, क्लिपला आणि जिने हा स्क्रू उलट्या तोंडाने बसवला त्या कंपनीला मिळून एक शिवी दिली. पाणी थांबलं. बुधवारी सकाळी त्याने रेडिएटर काठोकाठ भरला आणि सासूबाईंना आणायला गेला.

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, काठी मांडीवर आडवी घेऊन. हवा-पाणी, भाजीचे भाव, धाकटीच्या घरचे धुतलेले पडदे असं बोलणं चाललं होतं. टेकडीचा चढ लागला. चष्मेवाल्याची नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त होती. काटा मध्यावर होता. मग मध्याच्या जरा वर. पहिल्या वळणावर तो लाल पट्ट्याकडे सरकला. त्याने खिडकी उघडली, गाडी हळू घेतली, पण काट्याने ऐकलं नाही. दुसऱ्या वळणावर फुस्सकन आवाज झाला आणि समोरची काच पांढऱ्या वाफेने भरून गेली.

त्याने गाडी कडेला घेतली. "आई, तुम्ही उतरा आधी. घाबरू नका."

"मी कुठे घाबरलेय?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच पांढरे पडलाय."

त्यांना कठड्यावर बसवून त्याने बॉनेट उघडलं. नळी क्लिपपासून सुटली होती आणि उकळतं पाणी रस्त्यावर वाहत होतं. त्या पाण्यात पांढऱ्या चिंध्या. आता त्याच्या संशयाला पुरावा मिळाला होता, पण टेकडीच्या अर्ध्या चढावर, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन, त्या पुराव्याचं करायचं काय? दुसरा इलाज नव्हता. त्याने साडूलाच फोन लावला.

"गाडी बंद पडली. आई आहेत बरोबर. टेकडीवर."

"गरम झाली ना?" साडू म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"आलोच," म्हणून त्याने फोन ठेवला.

पाव पोचवायचा छोटा टेम्पो घेऊन तो आला. अंगावर पिठाचा एप्रन तसाच. उतरून आधी सासूबाईंकडे गेला, त्या ठीक आहेत हे बघितलं, मग बॉनेटपाशी आला. चष्मेवाल्याने रस्त्यावरच्या चिंध्यांकडे बोट दाखवलं.

"पाण्यात काय टाकलंस तू?"

"मी? कुठे काय!"

"हे पांढरं काय आहे मग? खरं बोल. सासूबाई बसल्यात समोर."

साडूने सासूबाईंकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाला, "अंडी."

"काय?"

"अंडी. म्हणजे फक्त पांढरं. बलक केकमध्ये वापरले." तो घाईने पुढे बोलू लागला. "कोणीतरी सांगितलं होतं, गरम पाण्यात पांढरं शिजतं आणि भोक बुजतं. खरंच थांबली होती हो गळती. थोडे दिवस."

चष्मेवाल्याला तो वास आता ओळखू आला. उकडलेली अंडी. रोज सकाळी स्वतः खात होता आणि भिंग लावूनही ओळखली नव्हती.

"म्हणजे गळतेय हे तुला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?" आता साडूचा आवाज चढला. "आणि तो दगडासारखा डिंक कोणी फासला? क्लिपवर, स्क्रूवर, सगळीकडे! मी गळती थांबवायला गेलो तर स्क्रूला हात लावता येईना. पाव कापायच्या सुरीने खरवडला मी तो. हे बघा!" त्याने पट्ट्या बांधलेली बोटं वर धरली. "मला वाटलं, साडूभाऊ मुद्दाम करतायत. गाडी माझ्या हातात मोडावी म्हणून."

"मी? मुद्दाम?" चष्मेवाल्याने आपला हात खिशातून बाहेर काढला. त्याच्याही पेरांची सालं निघालेली. "आणि गाडी विकायचं कोण बोललं होतं?"

"विकायचं कोण म्हणालं? काढून टाकायची असेल तर मला सांगा म्हणालो. म्हणजे मी ठेवून घेईन म्हणून! मला वाटलं तुम्हाला ती नकोशी झालीय."

चष्मेवाल्याने साडूच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुली खरं सांगते म्हणणारा तो माणूस, आणि साडूच्या बाहुलीत त्याला आत्ता दिसत होती ती नुसती भीती. सासऱ्यांची गाडी आपल्या हातून गेली, ही भीती. तीच, जी त्याच्या स्वतःच्या पोटात दोन-तीन आठवडे बसून होती.

मागून खुसखुस ऐकू आली. सासूबाई काठीवर हनुवटी टेकवून हसत होत्या.

"ह्यांच्या हातातही गळायचीच ती," त्या म्हणाल्या.

दोघं वळले. "काय?"

"तुमचे सासरे हो. तुम्हाला वाटायचं, दर रविवारी गाडी धुतात, केवढी हौस! हौस कसली? पाणी भरायचं असायचं. हातात बादली असली की कोणी विचारत नाही. मला बजावलं होतं, जावयांना कळता कामा नये. म्हणे, गाडीची किंमत राहणार नाही त्यांच्या नजरेत."

चष्मेवाल्याने आजवर बायकोवर, मेव्हणीवर, साडूवर, गॅरेजवाल्यांवर, गाडीच्या कंपनीवर, सगळ्यांवर संशय घेतला होता. एका माणसावर तेवढा घेतला नव्हता, आणि नेमका तोच.

"आणि तुम्ही बोलला नाहीत, आई?" साडू म्हणाला.

"मला कोणी विचारलं? तुम्ही दोघं दर रविवारी माझ्या दारात उभे राहून एकमेकांना मस्त चालतेय, मस्त चालतेय म्हणत होतात. मला वाटलं, खरंच दुरुस्त केली असेल." त्या उठल्या. "चला. पावाच्या गाडीतून न्या मला. उशीर झाला तर त्या व्यायामवाल्या बाई रागावतात."

साडूने त्यांना पुढच्या सीटवर हात धरून बसवलं. टेम्पो चढ चढून गेला. चष्मेवाला इंजिन निवेपर्यंत कठड्यावर बसून राहिला. आता कोणाचा राग धरावा, हेच त्याला सुचेना.

घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं, "तुम्हा दोघींना माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. त्याने अंडी फोडली तेव्हा तिने सांगितलं, तुम्ही सुरी मोडलीत तेव्हा मी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या मेहनतीने लपवत होता दोघं. मोडवेना," ती म्हणाली.

गाडी दोरीने ओढत सासूबाईंच्या अंगणात आणून लावली होती. रविवारी दोघं तिथे जमले, आपापली हत्यारं घेऊन. ती फरशीवर मांडली तेव्हा दोघांनाही लाज वाटली. ढिल्या जबड्याची पक्कड, कपाटाबरोबर आलेला पाना, दाण्याएवढे स्क्रू ड्रायव्हर, टोक नसलेली सुरी. आणि साडूच्या बाजूला भट्टीतला चिमटा, पावाची सुरी, तारेचं बंडल.

"सासऱ्यांची हत्यारांची पेटी असेल ना?" साडूच्या डोळ्यांत आशा आली. "आई, ती लोखंडी पेटी कुठे आहे?"

"भंगारात दिली," सासूबाई आतून म्हणाल्या. "पलंगाखाली झाडू जात नव्हता."

तेव्हा दोघं मिळून हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि लांब दांड्याचा एक बॉक्स पाना, एक करवतीचं पातं, नवी नळी आणि नव्या क्लिपा घेऊन आले. काम सोपं गेलं असं मात्र नाही. डिंकामुळे जुनी क्लिप सुटेना. पात्याला फडकं गुंडाळून एकाने खालून कापायचं, दुसऱ्याने वरून बॅटरी धरायची. "उजेड इकडे!" "इकडे म्हणजे कुठे?" "जिथे मी बघतोय तिथे!" "तुम्ही कुठे बघताय ते मला काय माहीत?" क्लिप तुटली तेव्हा साडूची कोपरं रेडिएटरवर आपटली आणि चष्मेवाल्याच्या तोंडावर गंजकं पाणी आलं. मग बागेतली नळी खालच्या तोंडाला लावून रेडिएटर उलटा धुतला. वरून पांढरे पापुद्रे बाहेर येत राहिले, संपतच नव्हते. कठड्यावर कावळे जमले.

नवी नळी बसवली, पाणी भरलं, गाडी सुरू केली, आणि थेंब पडला.

दोघंही एकमेकांकडे बघू लागले. चष्मेवाल्याच्या जिभेवर आलं होतं, 'तू नीट दाबली नाहीस.' साडूच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. पण कोणी बोललं नाही. चष्मेवाल्याने आरसा खाली धरला, साडूने खाली डोकं घातलं आणि म्हणाला, "तिरकी बसलीय. दोघांचीही चूक." पुन्हा सगळं काढलं. यावेळी नळीला साबण लावून ती पार शेवटापर्यंत ढकलली, आणि पाना फिरवताना चष्मेवाला आरशाकडे बघतच नव्हता, साडू आवाज देत होता, "आवळतंय, आवळतंय, आता पुरे."

बराच वेळ दोघं गाडीखाली वाकून जमिनीकडे बघत राहिले. जमीन कोरडीच राहिली.

मग प्रश्न आला पान्याचा. पाना एक, घरं दोन. "तुमच्याकडे ठेवा," साडू म्हणाला. चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, हा इतक्या सहजासहजी का देतोय? तो म्हणाला, "तूच ठेव." आता साडूने डोळे बारीक केले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "गाडीतच ठेवा मेला तो," आणि पाना डिकीत गेला.

चढावर नेऊन बघायचं ठरलं. साडूने गाडी चालवायला घेतली, चष्मेवाला शेजारी बसला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, काटा मध्यावरून हलला नाही. वर पोचून त्यांनी इंजिन बंद केलं. वारा सुटला होता, खाली घरांची छपरं दिसत होती. दोघांच्याही बोटांना पट्ट्या होत्या.

"एक विचारू?" चष्मेवाला म्हणाला. "एकूण किती अंडी घातली होतीस?"

साडू समोर बघत राहिला. "आठवत नाही हो."

बेकरीवाला, आणि अंड्यांचा आकडा विसरतो? चष्मेवाल्याला यावर काडीचा विश्वास बसला नाही. त्याने साडूच्या चेहऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग खिडकीची काच खाली केली आणि म्हणाला, "चल, उतरू आता. भूक लागली."